नववीच्या मुलांचा ताण मोजायला कोणती चाचणी वापरू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘एम.एड. करतोय, शाळा पारोळा तालुक्यातली. नववीच्या मुलांना वर्गात शिकताना येणारा ताण आणि चिंता मोजायची आहे. कोणती चाचणी घेऊ?’

भाऊ, मी धुळ्याकडे गणित शिकवतो. याच विषयावर लघुप्रबंध करताना चांगलाच आपटलो होतो, म्हणून लिहितोय.

बहुतेक जण मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ची ताणश्रेणी (ताण मोजायची प्रश्नावली) उचलतात. मीही तीच घेतली. मूळ श्रेणी १४ विधानांची, पण १९८८च्या छोट्या रूपात विधानं दहाच, अभ्यासासाठी फुकट, बेरीज ० ते ४०. (४, ५, ७ आणि ८ या विधानांचे गुण उलटे धरायचे असतात, ते विसरू नका. मी विसरलो होतो, सगळी बेरीज परत केली.) पण खरी गोम पुढेच आहे. ती श्रेणी विचारते, ‘गेल्या महिन्याभरात’ किती वेळा असं वाटलं? मी ती दिली दिवाळीनंतर. आमच्याकडे तेव्हा कापूस वेचणी. अर्धी मुलं शेतातून थेट शाळेत, त्यात अवकाळी पाऊस येऊन गेलेला. आकडे चढे आले आणि मी खुशाल लिहून टाकलं की मुलांना गणिताचा ताण आहे. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी एवढंच विचारलं, ‘हा ताण गणिताचा की कापसाचा?’ मी गप्प.

म्हणून चाचणी निवडण्याआधी ठरवा, कुठला ताण आणि कुठल्या घटकेचा. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पीलबर्गर यांनी १९७०च्या चिंता चाचणीत हाच भेद केला: ‘आत्ता या क्षणी कसं वाटतंय’ याची २० विधानं वेगळी आणि ‘एरवी कसं वाटतं’ याची २० वेगळी. एखादं पोरगं मुळातच भित्रं असतं, एखादं फक्त फळ्यापुढे उभं केलं की गार पडतं. दोघांना एकाच बेरजेत कोंबलं तर हाती काही लागत नाही. परीक्षेपुरतंच बघायचं असेल तर त्यांची १९८०ची परीक्षाचिंता चाचणी आहे, २० विधानांची. तिच्यात काळजी आणि शरीराची घालमेल वेगवेगळी मोजतात. ही फोड लिबर्ट आणि मॉरिस यांनी १९६७मध्ये मांडलेली. ‘नापास झालो तर घरी काय सांगू’ ही काळजी, छातीत धडधड ही घालमेल. गुणांवर जास्त परिणाम काळजीचा होतो, धडधडीचा त्यामानाने कमी. स्पीलबर्गरच्या या दोन्ही चाचण्या वापरायला मात्र पैसे भरून परवानगी लागते, झेरॉक्स मारून वाटू नका.

भाषांतराचं सांगतो. मी ‘मला अस्वस्थ वाटते’ असं लिहिलं होतं. एक मुलगी म्हणाली, ‘नाही सर, तब्येत बरी आहे.’ पुस्तकी मराठी आणि घरची अहिराणी यांत एवढं अंतर आहे. आमची पोरं ‘चिंता’ म्हणतच नाहीत. ‘मना जीव घाबरी ऱ्हायना’ म्हणतात, ‘पोटमा गोया उठस’ म्हणतात. आधी पाच-सहा मुलांना विधानं वाचायला द्या आणि ‘यातून तुला काय समजलं?’ असं विचारा. मग भाषांतर दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून मूळ विधानांशी ताडून पाहा.

कागद वर्गशिक्षकांच्या हातून वाटू नका. माझ्या वेळी ते फेऱ्या मारत होते, सगळ्यांनी ‘कधीच नाही’वर खूण केली! नाव नको, नुसता क्रमांक लिहून घ्या, म्हणजे त्याच मुलाचे दोन वेळचे कागद जोडता येतील.

नाडी मोजायचा मोह होईल. मी मोजली. एकाचे ठोके ११२ भरले. नंतर कळलं, एसटी उशिरा आली म्हणून तो स्टॅंडपासून धावत आला होता. लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं संप्रेरक) वगैरे तर एम.एड.च्या खर्चात बसत नाही, शिवाय ते सकाळी उठल्यावर आपोआपच चढतं.

तुमच्या जागी मी असतो तर परवानगी काढून परीक्षाचिंता चाचणी एकदाच घेतली असती, आणि जोडीला दहा पायऱ्यांची शिडी काढलेली चिठ्ठी. ‘आत्ता तू कितव्या पायरीवर?’ एवढाच प्रश्न. साधा तास सुरू होताना, फळ्यावर बोलावण्याआधी, इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचताना, घटक चाचणीच्या सकाळी, अशी प्रत्येक प्रसंगाला. एरवी दुसऱ्या पायरीवर असणारं पोरगं वाचनाच्या वेळी नवव्या पायरीवर दिसलं, की ते ‘शिकतानाच्या ताणा’बद्दल बोलतंय. एकाच पायरीच्या प्रश्नाला कुणी प्रमाणित चाचणी म्हणणार नाही, म्हणून ती जोडीला.

पालकांची लेखी संमती आधीच घ्या. बेरीज म्हणजे निदान नव्हे, तेव्हा ‘हा चिंताग्रस्त’ असा शिक्का मारून यादी मुख्याध्यापकांकडे देऊ नका. पण एखाद्याने कागदाच्या कोपऱ्यात जगणं नको झाल्याचं लिहिलं, तर त्या दिवशी प्रबंध बाजूला ठेवा, त्या मुलाशी बोला, घरच्यांना बोलवा. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तो चिठ्ठीच्या मागे आधीच छापून ठेवा. क्रमांकावरून मूल ओळखायची यादी कुणाकडे असेल, हेही त्याआधीच ठरवावं लागेल. मी ती मुलांना न शिकवणाऱ्या एका बाईंकडे बंद पाकिटात दिली होती.