प्रतिजैविक चालू असताना लघवीतली साखर

प्रश्न : आईला मधुमेह आहे. लघवीच्या संसर्गासाठी तिला सेफिक्झिम सुरू आहे. गावातल्या लॅबमध्ये निळं द्रावण उकळून तपासणी केली, रंग हिरवट-पिवळा आला. घरच्या पट्टीवर मात्र साखर नाही. खरं काय मानायचं?
— एक वाचक, कराड

उत्तर : आधी ग्लुकोमीटरवर रक्तातली साखर पाहा. त्या हिरवट रंगावरून इन्सुलिन किंवा गोळ्या वाढवू नका.

ते निळं द्रावण बेनेडिक्टचं. निळेपणा मोरचुदातल्या तांब्याचा. ५ मिलि द्रावणात लघवीचे ८ थेंब घालून उकळलं की ग्लुकोज त्या तांब्याचं क्षपण करतं, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देतं, आणि रंग हिरवा, पिवळा, नारिंगी, शेवटी विटकरी होत जातो. पण या द्रावणाला ग्लुकोजची ओळख नाही. क्षपण करणारं काहीही आलं तरी रंग बदलतो. सेफिक्झिम, सेफालेक्सिन ही सेफालोस्पोरिन गटातली प्रतिजैविकं लघवीत उतरतात आणि नेमकं हेच घडवतात. अँपिसिलिन लघवीत जास्त साठलं तरी तसंच. पट्टीवरचं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) फक्त ग्लुकोजवर काम करतं, त्यामुळे या औषधांनी ते फसत नाही.

एक मात्र जरूर विचारा : आई क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेते का? ते लघवीत भरपूर असेल तर बेनेडिक्टमध्ये खोटी साखर दिसते आणि पट्टीवर खरी साखरही लपते. म्हणजे तुम्हाला दिसली तशीच तफावत. म्हणूनच रक्त तपासायला सांगितलं. शिवाय रक्तातली साखर साधारण १८० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरतच नाही, तेव्हा कोरी पट्टी म्हणजे साखर आटोक्यात असं नव्हे. संसर्गात ती खरोखर वाढतेही. उलट, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचं औषध चालू असेल तर लघवीत साखर दिसणारच. ते औषध तिथूनच साखर बाहेर काढतं.

पट्टीच्या डबीचं झाकण लगेच लावा, दमटपणानं ती बिघडते. रंग डबीवर लिहिलेल्या सेकंदांनाच वाचा. ब्लीचनं धुतलेल्या बाटलीत नमुना घेतला तर पट्टीही खोटी साखर दाखवते.

सेफिक्झिमचा कोर्स मध्येच सोडू नका. लॅबला औषधाचं नाव सांगा आणि ग्लुकोज ऑक्सिडेजची तपासणी मागा.

लिव्होफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं दिली तर गोष्ट वेगळी. ती रक्तातली साखरच खालीवर करतात, विशेषतः ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन यांच्यासोबत ती खूप उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळ दिसला तर लघवी नव्हे, ताबडतोब बोटातलं रक्त तपासा. साखर ७० च्या खाली असेल आणि आई शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा.