अहवालात निकेल, तांबे ‘मर्यादेबाहेर’ आले, म्हणजे जमीन दूषित झाली का?

शेतकरी बंधू-भगिनींनो, उन्हाळ्यात माती परीक्षणाचे अहवाल हातात पडू लागले की प्रश्नांची गर्दी होते. या वेळी बरेच प्रश्न जड धातूंबद्दल आहेत आणि त्यांत भीतीचा सूर आहे. म्हणून उत्तरे जरा सविस्तर देतो.

प्रश्न: आमची काळी, खोल जमीन आहे. खासगी प्रयोगशाळेच्या अहवालात तांबे 128, निकेल 82 आणि क्रोमियम 140 पीपीएम (दहा लाख भागांतले भाग) आले. शेजारच्या रकान्यात ‘मर्यादा’ छापली आहे. त्यानुसार निकेल लाल अक्षरात आणि तांबे मर्यादेच्या काठावर आहे. शिसे मात्र फक्त 11. मृद आरोग्य पत्रिकेत तांबे 2.6 होते. खरे काय? भाजीपाला घ्यायचा की नाही?

आधी 128 आणि 2.6 चा घोळ सोडवू. दोन्ही आकडे खरे आहेत, पण दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. मृद आरोग्य पत्रिकेसाठी माती डीटीपीए या रसायनाच्या सौम्य द्रावणात दोन तास हलवतात. त्यात उतरते ते मुळांना मिळू शकणारे तांबे. ते 0.2 पीपीएमपेक्षा जास्त असले की पिकाला कमतरता नाही असे धरतात. खासगी प्रयोगशाळेने माती तीव्र आम्लात उकळली आहे, त्यामुळे खनिजांच्या पोटातले तांबेही बाहेर आले. या दोन आकड्यांची एकमेकांशी तुलना करायची नाही.

आता ‘मर्यादे’कडे येऊ. निकेल 30 ते 75 आणि तांबे 50 ते 140 ही पट्टी युरोपीय समुदायाच्या 1986 च्या निर्देशातली आहे. शहरी सांडपाण्याचा गाळ शेतात टाकताना तिथल्या मातीत धातू किती चालतील, हे ठरवण्यासाठी ती केली होती. आपली काळी माती मात्र दख्खनच्या काळ्या पाषाणातून, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तयार झाली आहे. या खडकात मुळातच तांबे 100 ते 200 पीपीएमच्या घरात असते. पृथ्वीच्या भूकवचाच्या वरच्या थराची सरासरी आहे अवघी 28. निकेल, क्रोमियम, कोबाल्ट, व्हॅनेडियम आणि टायटॅनियम या खडकात भरपूर असतात. शिसे आणि कॅडमियम मात्र अगदी कमी असतात.

म्हणून एकच आकडा बघून घाबरू नका, त्याच्या सोबतीला कोण आहे ते बघा. निकेल, क्रोमियम आणि तांबे तिन्ही एकत्र वर असतील, लोहही 7-8 टक्के असेल आणि शिसे-कॅडमियम खाली असतील, तर बहुधा तो खडकाचाच वारसा असतो. उलट शिसे, कॅडमियम, जस्त यांपैकी एखादा धातू एकटाच उसळला असेल, तर तो कुठून आला याचा शोध घ्यायलाच हवा. तुमचे 11 पीपीएम शिसे दिलासा देणारे आहे.

तरी खात्री करून घ्या. त्याच शिवारात, त्याच प्रकारच्या मातीत, नाल्याच्या वरच्या अंगाला न नांगरलेले गायरान किंवा जुना रुंद बांध असेल, तिथला एक नमुना द्या. दोन्हीकडचे तांबे आपापल्या लोहाने भागा आणि मग शेताचा भागाकार गायरानाच्या भागाकाराने भागा. समजा गायरानात तांबे 121 आणि लोह 7.8 टक्के आले, तर भागाकार 15.5. तुमच्या शेतात लोह 8 टक्के असेल तर 128 ला 8 ने भागून 16. आता 16 ला 15.5 ने भागले की उत्तर येते 1.03. म्हणजे बाहेरून काही आलेले नाही. हे उत्तर 2 च्या पुढे गेले की संशय घ्यावा. लोहाने का भागायचे? चिकणमाती जास्त असेल तिथे सगळेच धातू जास्त दिसतात. भागाकाराने तो फरक निघून जातो. (खाणपट्ट्यात किंवा लोखंडाच्या कारखान्याजवळ लोहच बाहेरून आलेले असते. तिथे लोहाऐवजी टायटॅनियम किंवा ॲल्युमिनियम घ्यावे.)

भाजीपाला खुशाल घ्या. निकेलच्या या आकड्यासाठी जमीन पडीक ठेवू नका आणि ‘धातू ओढून घेणाऱ्या’ महागड्या पावडरींवर पैसाही घालू नका. क्रोमियमबद्दल एक खबरदारी आहे. खडकातले क्रोमियम त्रिसंयुजी असते आणि ते जागचे हलत नाही. जवळ चामडे कमावण्याचा किंवा धातूला मुलामा देण्याचा कारखाना असेल, तर षट्संयुजी क्रोमियमची, म्हणजे क्रोमियमच्या दुसऱ्या रूपाची, चाचणी वेगळी मागून घ्या. ते विषारी आहे आणि आपल्या विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत पाण्याबरोबर सहज वाहते.

प्रश्न: द्राक्षबाग 20 वर्षांची आहे. दर हंगामात बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) मारतो. त्याने जमिनीत तांबे साठते का?

हो, साठते. हिशेब सोपा आहे. 1 किलो मोरचुदात सुमारे 250 ग्रॅम तांबे असते. 1 टक्का बोर्डोचे 400 लिटर द्रावण एकराला मारले, की 4 किलो मोरचूद म्हणजे 1 किलो तांबे बागेत गेले. एकरातल्या वरच्या 15 सेंटिमीटर मातीचे वजन साधारण 9 लाख किलो भरते. म्हणजे एका फवारणीने त्या थरात 1.1 पीपीएमची भर पडते. हंगामात अशा चार फवारण्या धरल्या, तर 20 वर्षांत 90 पीपीएमच्या आसपास तांबे वाढते. छाटणीच्या काड्यांबरोबर थोडे बाहेर जाते, बाकीचे वरच्या थरातच अडकून बसते. सगळ्या एकरात सारखे पसरते असेही नाही, वेलीच्या ओळीखाली जास्त असते.

म्हणून बागेचा नमुना तीन थरांत वेगवेगळा घ्या: 0 ते 15, 15 ते 30 आणि 60 ते 90 सेंटिमीटर. ओळीतला वेगळा, दोन ओळींमधला वेगळा. वर 220 आणि खाली 125 असे दिसले, तर वरची वाढ फवारणीची आणि खालचे तांबे खडकाचे. भारी काळ्या जमिनीत मात्र सावध राहा. उन्हाळ्यात भेगा पडतात आणि वरची माती भुरभुर खाली जाते, त्यामुळे थरांतला फरक पुसट होतो. अशा जमिनीत शेजारच्या बिनबागेच्या शेताशी केलेली तुलना जास्त विश्वासाची.

चुनखडीयुक्त जमिनीत जुन्या वेलीला हे तांबे सहसा जाणवत नाही. त्रास होतो तो बाग काढून नवीन खुंटरोपे लावताना. कोवळी मुळे आखूड आणि जाड राहतात, गांडुळे कमी होतात, ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी टाकूनही तग धरत नाही. त्यामुळे पुनर्लागवडीपूर्वी तांब्याची चाचणी कराच. आकडा वाढलेला असेल तर खोल नांगरट करून वरचा थर खालच्या मातीत मिसळा आणि चांगले कुजलेले शेणखत भरपूर द्या. सेंद्रिय पदार्थ तांब्याला घट्ट धरून ठेवतो. केवडा रोगासाठी बोर्डो लागणारच, पण चालेल तिथे अर्धा टक्का वापरा आणि दोन फवारण्यांमध्ये इतर शिफारशीत बुरशीनाशकांची पाळी धरा.

प्रश्न: औद्योगिक वसाहतीचे पाणी ओढ्यात येते. त्याच ओढ्यावर पालक, मेथी करतो. माती तपासून कळेल का?

माती, ओढ्याचा गाळ आणि भाजी, तिन्ही तपासा. पाणी आज स्वच्छ दिसेल, उद्या काळे येईल. गाळात मात्र अनेक महिन्यांची नोंद साठलेली असते. कारखान्याचे पाणी जिथे मिळते त्याच्या वरच्या अंगाचा एक आणि खालच्या अंगाचा एक, असा शांत पाण्याच्या जागचा बारीक गाळ घ्या. वाळू नको, कारण धातू बारीक कणांना चिकटतात. दोन्ही नमुने 63 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून तपासा, असे प्रयोगशाळेला लिहूनच द्या. शेतात ओढ्यापासून 5, 20, 50 आणि 100 मीटरवरचे नमुने वेगवेगळे ठेवा, एकत्र मिसळू नका. ओढ्यापासून दूर जाताना आकडा उतरत गेला, तर धातू ओढ्यातूनच आले.

भाजीच्या अहवालात फसगत होते ती ओल्या-वाळल्या वजनात. पालेभाजीसाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा ताज्या वजनावर आहे: कॅडमियम 0.2 आणि शिसे 0.3 मिलिग्रॅम प्रतिकिलो. प्रयोगशाळा बहुधा वाळलेल्या पानांचा आकडा देते. पालकात 90 टक्क्यांच्या आसपास पाणी असते, म्हणून वाळलेल्या पानांतले 2 म्हणजे ताज्या भाजीतले साधारण 0.2. नमुना धुऊन द्या. पानावरच्या धुळीनेही शिसे वाढलेले दिसते.

अहवाल येईपर्यंत त्या पाण्यावर पालेभाजी आणि मुळा-गाजर थांबवा. ही पिके घरातली लेकरेही खातात, इथे धोका पत्करू नका. त्या जागी कापूस किंवा फुले घ्या. कॅडमियम निघालेच, तर सामू (पीएच) उतरवण्यासाठी गंधक अजिबात टाकू नका. विम्ल मातीने धरून ठेवलेले कॅडमियम त्याने सुटे होते. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी द्या, नमुन्यांची तारीख आणि जागा नकाशावर दाखवून.

प्रश्न: तलावातला गाळ फुकट मिळतोय. टाकू का?

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’मधला, वर फक्त शेती आणि डोंगर असलेल्या तलावाचा गाळ हलक्या जमिनीला सोन्यासारखा आहे. जरूर टाका. सामू आणि क्षारता मात्र पाहून घ्या. शहराच्या किंवा कारखान्यांच्या खालच्या अंगाचा गाळ शिसे-कॅडमियम तपासल्याशिवाय एक ट्रॉलीही आणू नका. शहरी कंपोस्ट घेत असाल तर खत नियंत्रण आदेशाप्रमाणे त्यात कॅडमियम 5 आणि शिसे 100 मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या आत हवे. विक्रेत्याकडून अहवाल मागून घ्या.

प्रश्न: कोकणातल्या जांभ्या जमिनीला हेच लागू का?

पूर्णपणे नाही. तिथला सामू 5 ते 6 असतो, त्यामुळे तेवढेच कॅडमियम किंवा जस्त असले तरी पिकात जास्त जाते. माती परीक्षणानुसार चुना देणे हा तिथला पहिला उपाय.

नमुना कसा घ्यावा, असे अनेकांनी विचारले आहे.

मृद आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात. शिसे, कॅडमियम, निकेल, क्रोमियम त्यांत नसतात, म्हणून ते अर्जावर वेगळे लिहावे लागतात. गंजकी कुदळ आणि जस्ताचा मुलामा असलेली बादली टाळा, त्यांचे धातू नमुन्यात उतरतात. प्लॅस्टिकचे घमेले आणि स्टेनलेस स्टीलचे खुरपे चालेल. खताच्या जुन्या गोणीत माती भरू नका. नमुना सावलीत वाळवा. एकूण धातू आणि डीटीपीएने उतरणारे धातू, दोन्ही मागा आणि मोजणी कोणत्या पद्धतीने केली ते अहवालावर लिहून घ्या. पीक निघाल्यावर, खरिपाची खते टाकण्याआधी, म्हणजे याच दिवसांत नमुने काढा. गायरानाचा नमुना विसरू नका आणि त्याच्या पिशवीवर ‘तुलनेसाठी’ असे ठळक लिहा.