हमाली, लेव्ही आणि मंडळ: वाचकांचे प्रश्न

माथाडी कायद्याबद्दल आलेल्या पत्रांतली पाच या वेळी घेतली आहेत. कायद्याचं पूर्ण नाव महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९. त्याखालची माथाडी मंडळं हमालांची नोंदणी करतात आणि मालकाकडून मजुरी व तिच्यावरची ठराविक टक्केवारी, म्हणजे लेव्ही, भरून घेतात. केंद्राच्या ज्या २९ कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता आल्या, त्यांत हा नाही. हा राज्याचा कायदा आहे. संहितांमुळे हा कायदा गेला का, अशी शंका दोन पत्रांत होती, म्हणून आधीच सांगितलं.

सांगलीत माझं हळदीचं गोदाम आणि गिरणी आहे. पंचवीस माणसांत सहा हमाल, सगळे कायम पगारी, सगळ्यांचा पीएफ भरतो. तरी मंडळाकडून नोंदणीचं पत्र आलं. आमची माणसं ‘असंरक्षित’ कशी?

त्या शब्दानं भल्याभल्यांना चकवलं आहे. वाटतं की ज्याला कुणी वाली नाही तो असंरक्षित. पण भुवालका स्टीलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये हा अर्थ नाकारला. कायद्याच्या अनुसूचीतलं अंगमेहनतीचं काम करणारा तो असंरक्षित कामगार. दुसऱ्या कायद्यांचं संरक्षण त्याला आहे की नाही, हे इथे पाहायचं नाही. तेव्हा कायदा लागू आहे असं धरूनच पुढचं पाऊल टाका.

पुढे दोन वाटा आहेत. तुमचा धंदा योजनेत (कायद्याखाली त्या त्या धंद्यातल्या कामगारांसाठी केलेल्या नियमांत) बसतो की नाही याचाच वाद असेल, तर तो प्रश्न राज्य शासनाकडे जातो. शासन सल्लागार समितीचं मत घेऊन निर्णय देतं आणि तो अंतिम असतो. दुसरी वाट कलम २२ खाली सूट मागण्याची. त्यासाठी तुमच्या हमालांना मिळणारे लाभ, एकूण हिशेबात, योजनेच्या लाभांपेक्षा कमी नाहीत हे दाखवावं लागतं. नुसती पीएफची चलनं नेऊन भागत नाही. पगारपत्रकं, भरपगारी रजा, बोनस, ग्रॅच्युइटीची तरतूद, दवाखान्याची सोय, सगळं शेजारी शेजारी मांडा. बहुतेक अर्ज रजेवर आणि ग्रॅच्युइटीवर लंगडे पडतात, कारण हमालाला ‘काम नाही तर पगार नाही’ अशीच वागणूक दिलेली असते.

घोळ होतो तो पुढे. अर्ज दिला म्हणजे सूट मिळाली असं समजून लोक भरणा थांबवतात. सूट राजपत्रात अधिसूचना निघाल्यावरच मिळते, तीही अटींवर आणि ठराविक मुदतीपुरती. तोवर देणं चढत राहतं. मंडळ तुमची बाजू ऐकून थकीत रक्कम ठरवतं आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. सुनावणीचं पत्र आलं तर वकिलाआधी हजेरीपट आणि माल आवक-जावक वही घेऊन स्वतः जा. तुमचे आकडे समोर नसले तर तपासणी अधिकाऱ्याच्या अंदाजावर रक्कम ठरते.

नोंदणी केल्यावर मजुरी हातात द्यायची नाही. ठरलेल्या दराने झालेली मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळ ती कामगाराच्या बँक खात्यात टाकतं. समजा महिन्याची मजुरी ४०,००० रुपये झाली आणि तुमच्या मंडळाचा लेव्हीचा दर ३५ टक्के आहे, तर भरणा ५४,००० रुपये. (दर मंडळागणिक वेगळा असतो, आपल्या मंडळाचं ताजं परिपत्रक पाहा.) फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधपाणी आणि मंडळाचा कारभार, सगळं या वरच्या १४,००० मधून.

वाशीच्या मार्केटात बारा वर्षं टोळीत आहे. मुकादम निम्मी मजुरी मंडळातून दाखवतो, निम्मी रोख देतो. रोख हातात पडते म्हणून कुणी बोलत नाही. यात माझं नुकसान आहे का?

आहे, आणि दर महिन्याला वाढतं आहे. महिन्याला १८,००० कमावता आणि मंडळात ९,००० दिसतात, तर फंड, बोनस, रजेचा पगार, निवृत्तीची रक्कम, सगळं ९,००० वर. रोख वाटपात मालकाची लेव्ही वाचते. मुकादमाचं काय वाचतं ते तुम्हाला जास्त ठाऊक.

पुरावा आजपासून जमवा. साधी वही पुरे: तारीख, गाळा नंबर, गाडी नंबर, नग किती, पोतं किती किलोचं, टोळीत त्या दिवशी किती जण. महिनाअखेरीस ही वही मंडळाकडे गेलेल्या हिशेबाशी आणि पासबुकाशी ताडून पाहा. तीन महिन्यांचा फरक हाती आला की टोकन नंबर (मंडळातला तुमचा नोंदणी क्रमांक) घालून मंडळाच्या सचिवाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. शक्यतो टोळीतले तिघे-चौघे मिळून द्या, एकट्याचं टोकन बाजूला पडायला वेळ लागत नाही. युनियनलाही प्रत द्या. मात्र अर्ज मंडळाकडेच करा. मुकादम आणि युनियनचा स्थानिक पदाधिकारी कधी कधी एकाच घरचे असतात.

मी नाशिक जिल्ह्यातला कांदा उत्पादक. हिशेबपट्टीतून हमाली, तोलाई कापतात. आता लेव्हीही आमच्याच माथी मारणार का?

लेव्ही मालकाची. मालक म्हणजे ज्याच्यासाठी हमालाने काम केलं तो. ती मजुरीवर वरून द्यायची असते, हमालाच्या मजुरीतून कापायची नाही, आणि शेतकऱ्याच्या पट्टीतून तर नाहीच. तिढा असा की कुठली हमाली शेतकऱ्याकडे आणि कुठली खरेदीदाराकडे, यावर बाजार समित्यांत एकवाक्यता नसते. लिलाव झाल्यावर माल खरेदीदाराचा झाला, पुढची भरणी, थप्पी, गाडी त्याची, हा सरळ न्याय. वाहतूकदार ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ म्हणतात ते हेच. जिल्ह्यात एप्रिल २०२४ मध्ये लिलाव बंद पडले ते हमाली, तोलाई आणि लेव्ही यांच्याच वादातून. तुम्ही पट्टी जपून ठेवा. ‘इतर खर्च’ अशी मोघम ओळ असेल तर आडत्याकडून फोड लिहून घ्या. तो देत नसेल तर बाजार समितीच्या सचिवाकडे तक्रार करा.

चाकणला आमच्या कारखान्यात माल फोर्कलिफ्टने उतरतो. बाहेरचे काही जण ‘माथाडी’ म्हणून गाडीमागे वाराई (माल चढ-उताराचे पैसे) मागतात. मंडळात तीन पक्ष बसतात म्हणे, मग हे कोण थांबवणार?

काम न करता मागितलेला पैसा मजुरी नव्हे, ती खंडणी. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८ त्यासाठी आहे. टोळीचा नोंदणी क्रमांक लेखी मागा आणि तो मंडळात पडताळा. रोख एक रुपया देऊ नका, एकदा दिला की तोच दर होतो. फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण आणि गाडी नंबरांसह तक्रार पोलिसांत द्या, प्रत मंडळाला. पण आपलं घरही तपासा. फोर्कलिफ्टने पॅलेट उतरल्यावर खोकी हाताने थप्पीला लावणारी कंत्राटी पोरं असतील, तर त्यांची नोंदणी तुमच्यावर येते. ही फट दिसली की बाहेरच्यांना तोंड फुटतं.

तीन पक्षांबद्दल म्हणाल तर, कायद्यात मालकांचे आणि कामगारांचे सदस्य समान संख्येने, अध्यक्ष शासनाच्या सदस्यांपैकी. मजुरीचे दर युनियन आणि व्यापारी संघटना करारानं ठरवतात, मंडळ त्याप्रमाणे वसुली आणि वाटप करतं. रचना उत्तम आहे, १९८१ चा सुरक्षा रक्षकांचा कायदाही याच साच्यावर बेतला. पण पूर्ण मंडळ वेळेवर नेमलं जात नाही आणि एकट्या अधिकाऱ्यावर कारभार ढकलला जातो. मग समोरासमोर बसून तासाभरात मिटणारा दराचा वाद न्यायालयात वर्षानुवर्षं पडतो. तुमच्या संघटनेने आपल्या सदस्यांची नावं शासनाकडे पाठवली आहेत का, हे आधी विचारा. पुष्कळ संघटना पाठवतच नाहीत.

आम्ही बायका धान्याच्या गोदामात निवडणी, चाळणी, पोती शिवणं करतो. ओझं उचलत नाही. आमची नोंद होते का?

होते. किराणा बाजाराच्या अनुसूचीत चढ-उतार, थप्पी, तोलाई यांच्याबरोबर भरणं, शिवणं, निवडणं, साफ करणं आणि त्याला जोडून येणारी कामंही आहेत. ‘डोक्यावर पोतं नाही म्हणून माथाडी नाही’ असं कुणी खिडकीवर सांगितलं तर लेखी उत्तर मागा. अर्जात ‘मदतनीस’ किंवा ‘झाडूवाली’ लिहू देऊ नका. ‘निवडणी-चाळणी कामगार’ असंच लिहा, गोदामाचं नाव आणि कामाला लागल्याची तारीख घाला.