वाचकांचे प्रश्न: तपासणीच्या वेळी लाइट गेले होते का?

प्रश्न: माझा एक छोटा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. नवीन भाडेकरू यायच्या आधी घर सेफ असल्याचं सर्टिफिकेट करून घ्या असं एजंट म्हणाला, त्यानंच माणूस पाठवला, तो आला, पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे बघितलं आणि संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ, सगळं ओके. आता महिन्याभरात भाडेकरूबाई म्हणतायत की वॉशिंग मशीनला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. मी त्यांना सर्टिफिकेट फॉरवर्ड केलं तर म्हणाल्या, "ताई, कागद मी वाचला हो, पण मशीनला कोण वाचून दाखवणार?" आता मी काय करू, आणि परत माणूस बोलवायचा तर तो खरंच तपासणारा आहे हे ओळखायचं कसं?

उत्तर: आधी त्यांना फोन करून मशीनचा प्लग काढून ठेवायला सांगा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

झिणझिण्या म्हणजे बहुतेक वेळा त्या सॉकेटला अर्थिंग नाही किंवा कुठेतरी तुटलंय. सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणून तिसऱ्यात वायर असेलच असं नसतं, मी कित्येक सॉकेट उघडलेत ज्यात हिरवी वायर नुसती दुमडून मागे कोंबलेली होती. बाहेरून सॉकेट नवं कोरं, चकचकीत. आता तुम्ही म्हणाल की बोर्डात आरसीसीबी आहे, म्हणजे करंट लीक झाला की सप्लाय तोडणारा स्विच, त्याचं टेस्ट बटण दाबलं की तो पडतो, मग कसली भीती. इथेच बरेच जण फसतात. ते बटण फक्त आतली यंत्रणा चालते की नाही एवढंच सांगतं, घरातल्या सॉकेटपर्यंत अर्थिंग पोचलंय का याच्याशी त्याचा काही संबंध नाही. अर्थिंग नसेल तर लीक होणाऱ्या करंटला जायला वाटच नसते, ती वाट कोणीतरी हात लावल्यावर त्याच्या अंगातून मिळते. झिणझिण्या येण्याइतका करंट तर इतका कमी असतो की ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी जागचा हलणारही नाही.

आता तुमच्या त्या पंधरा मिनिटांच्या साहेबांबद्दल. तेव्हा घरात जे कोणी हजर होतं त्यांना एकच प्रश्न विचारा: तो आला होता तेव्हा घरातले लाइट गेले होते का? गेले नसतील तर त्यानं वायरिंगचं इन्सुलेशन मोजलेलंच नाही. कारण ती टेस्ट मेन बंद करून करतात, मेगर म्हणजे इन्सुलेशन मोजायचा मीटर लावून ५०० व्होल्ट डीसी सोडतात आणि रीडिंग किमान १ मेगाओम तरी यावं लागतं, चांगल्या वायरिंगला त्याच्या कितीतरी पट येतं. अर्थची वायर शेवटच्या सॉकेटपर्यंत सलग आहे का हेही सप्लाय बंद ठेवूनच बघतात. मग सप्लाय चालू करून लूप इम्पिडन्स, म्हणजे बिघाडाच्या करंटला परत जायच्या वाटेत किती अडथळा आहे ते मोजतात, आरसीसीबीला मीटर लावून तो किती वेळात पडतो ते बघतात, ठरलेल्या लीकेजला ३०० मिलिसेकंदांच्या आत आणि पाचपट सोडलं तर ४० च्या आत. एवढं सगळं छोट्या फ्लॅटमध्येसुद्धा दोन-तीन तासांचं काम आहे, मध्ये फ्रिज बंद, वायफाय बंद, भाडेकरूची चिडचिड. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घराची वायरिंग तपासणी २०२० च्या नियमांनी सक्तीची आहे, जास्तीत जास्त ५ वर्षांनी एकदा, तर तिथे धंद्यातलेच लोक असल्या झटपट तपासणीला 'ड्राइव्ह-बाय' म्हणतात. गाडी न थांबवता केलेली तपासणी.

तुमची पीडीएफ उघडा आणि त्यात आकडे शोधा. प्रत्येक सर्किटपुढे ओमचे, मिलिसेकंदांचे आकडे हवेत, नुसत्या टिकमार्क नकोत. आणि सगळ्या सर्किटला सेम टू सेम आकडा असेल तरी संशय घ्या, स्वयंपाकघराची वायर आणि दारावरच्या दिव्याची वायर सारख्या लांबीची असते का कधी? दुसरं म्हणजे 'मर्यादा' किंवा 'लिमिटेशन्स' असा एक रकाना असतो, तो बहुतेक कोणी वाचत नाही. मी रिपोर्ट हातात आला की आधी तोच वाचतो. तिथे "बोर्ड उघडला नाही", "सॉकेट उघडले नाहीत", "कपाटामागचं बघता आलं नाही" असं लिहून माणूस स्वतःची मान सोडवून घेतो आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात पास. फर्निचर हलवता आलं नाही ही मर्यादा समजू शकते, पण मेन बोर्डच उघडला नाही तर तपासलं काय?

नवीन माणूस बोलवताना फोनवर पैसे विचारायच्या आधी विचारा की किती वेळ लागेल, सप्लाय किती वेळ बंद ठेवावा लागेल, मीटर शेवटचा कधी कॅलिब्रेट केलाय, म्हणजे तो अचूक दाखवतो का हे तपासून घेतलंय. खरं काम करणाऱ्याला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट तो खूश होतो, कारण रोज त्याला "लवकर उरका हो" एवढंच ऐकायची सवय असते. लायसन्स किंवा रजिस्ट्रेशन नंबर घ्या आणि तो देणाऱ्या संस्थेकडे स्वतः तपासा, व्हिजिटिंग कार्डवरच्या लोगोवर जाऊ नका, लोगो कोणीही छापतं. चूक झाली तर भरपाई देणारा इन्शुरन्स आहे का तेही विचारा. जुन्या माणसाला आणि एजंटला लेखी कळवा की अमुक तक्रार आली, तुमच्या रिपोर्टमध्ये हे सर्किट कोणत्या रीडिंगवर पास केलंत ते पाठवा. लेखीच. फोनवर सगळे गोड बोलतात.

प्रश्न: माझा मेव्हणा इलेक्ट्रिशियन आहे, हात चांगला आहे त्याचा, माझ्या भाड्याच्या दोन्ही घरांचं वायरिंग त्यानंच केलंय. सर्टिफिकेटवर तोच सही करेल म्हणतो आणि गॅस गीझरचंही बघून देतो म्हणतो. बाहेरच्याला कशाला पैसे द्यायचे?

उत्तर: मेव्हण्याचा हात चांगला असेल यात शंका नाही, पण स्वतःचा पेपर स्वतः तपासला तर मार्क कोणाला कमी पडतात. दुर्भावना नसते हो, स्वतःची चूक स्वतःला दिसतच नाही, ज्या जॉइंटवर घाईत टेप मारली तो जॉइंट डोळ्यांना ठीकच वाटतो. नव्या कामाचं पूर्णतेचं सर्टिफिकेट काम करणारा देतो ते वेगळं, आणि राहत्या घराची मधूनमधून होणारी तपासणी वेगळी. त्यालाही टेस्टिंगची पात्रता आणि मीटर असेल तर कायद्यानं कदाचित चालेलही, पण उद्या काही झालं आणि सही मेव्हण्याची निघाली तर तुमचं कोण ऐकणार, आणि सासरी काय तोंड दाखवणार?

उलट बाजूही आहे. बाहेरचा माणूस तपासतो आणि दुरुस्तीही तोच करणार असेल तर त्याला चुका जरा जास्तच सापडतात. म्हणून आधी फक्त रिपोर्ट घ्या, त्यात धोका कोणत्या पायरीचा आहे ते बघा. इंग्लंडच्या रिपोर्टमध्ये सी-१ म्हणजे आत्ता या क्षणी धोका, सी-२ म्हणजे धोका होऊ शकतो, सी-३ म्हणजे सुधारलं तर बरं, आणि नुसत्या सी-३ वर घर नापास होत नाही. "अख्खा बोर्ड बदला नाहीतर पास करणार नाही" म्हणणाऱ्याला हा प्रश्न टाका, कोणती पायरी आणि का. बरेचदा आवाज खाली येतो.

गॅसला मात्र मेव्हण्याला हात लावू देऊ नका. ते वेगळं शिक्षण आहे. ब्रिटनमध्ये गॅसवाल्याचं ओळखपत्र असतं, पुढे फोटो आणि नंबर, आणि मागे तो नेमकी कोणती उपकरणं बघू शकतो त्याची यादी. लोक पुढची बाजू बघून दार उघडतात, बघायची असते मागची. शेगडीचं शिकलेला माणूस गीझर किंवा बॉयलर पास करू शकत नाही. तिथे घरमालकाला दर १२ महिन्यांनी ही तपासणी करावी लागते आणि ते बरोबरच आहे, कारण वायरिंग सावकाश बिघडतं पण गीझरचं धुराडं तुंबायला एक सीझन पुरतो. एकदा गीझरची ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसली म्हणून बाहेर जाऊन बघितलं तर पाइपच्या तोंडात पक्ष्यांनी काडी काडी आणून व्यवस्थित घरटं केलेलं, आतला धूर बाहेर जायला जागाच नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. त्या घरातल्यांचं डोकं रोज सकाळी दुखायचं आणि बाहेर पडलं की थांबायचं, त्यांना वाटायचं झोप पुरत नाही. भाडेकरू असं काही म्हणाला तर गीझर बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, मग माणूस.

प्रश्न: घर खूप जुनं आहे, रंगाचे पोपडे निघतात. भाड्याने घेणाऱ्यांचं लहान बाळ आहे. रंगाचंही सर्टिफिकेट असतं म्हणे, खरं का?

उत्तर: असतं. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं, अमेरिकेत घरगुती रंगात ते १९७८ मध्ये बंद झालं, त्यामुळे त्याआधीची घरं तिथे संशयितच धरतात आणि काही ठिकाणी भाड्याने देण्याआधी तपासणी लागते. मोठा धोका भिंतीपेक्षा खिडकीत असतो, कारण चौकट उघडझाप करताना घासते आणि बारीक धूळ खालच्या पट्टीवर पडते, रांगणारं बाळ तिथेच हात टेकून उभं राहतं आणि तोच हात तोंडात. तपासणारा एक्सआरएफ नावाचं यंत्र रंगावर टेकवतो किंवा ठरावीक मापाच्या जागेवरची धूळ ओल्या कपड्याने पुसून लॅबला पाठवतो. कागदावर 'लेड-सेफ' लिहिलंय की 'लेड-फ्री' ते बघा. सेफ म्हणजे शिसं आहे पण सध्या झाकलेलं आहे, त्यामुळे त्याला मुदत असू शकते, पोपडा निघाला की ते सेफ राहत नाही. आणि तोवर कोणालाही कोरडा सँडपेपर मारू देऊ नका, एका खिडकीची धूळ अख्ख्या घरात होते.

प्रश्न: मी भाडेकरू आहे. मालक म्हणतात तपासणी झाली आहे, पण रिपोर्ट दाखवत नाहीत. मागणं बरं दिसतं का?

उत्तर: बरं दिसण्याचा प्रश्नच नाही, झोपता तुम्ही त्या घरात. इंग्लंडमध्ये राहत्या भाडेकरूला वायरिंगचा आणि गॅसचा, दोन्ही रिपोर्ट २८ दिवसांत द्यावे लागतात, तुमच्याकडे काय नियम आहे ते बघा, नसला तरी साधा मेसेज करा: "रिपोर्टची कॉपी पाठवता का, आणि पुढची तारीख कधी आहे?" आणि माणूस तपासायला येईल तेव्हा सॉकेटसमोरची कपाटं थोडी ओढून ठेवा, फ्रिजमधलं बघून ठेवा, दोन तास लाइट जातील.