1999 सालच्या मराठी फाइली उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा गुंता का दिसतो?

तुमचा प्रश्न असा: फोंड्यातल्या देवस्थानच्या 1999 सालच्या स्मरणिकेच्या फाइली नव्या कॉम्प्युटरवर उघडल्या, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतो. फाइल खराब झाली का? सगळं पुन्हा टाइप करायचं का?

फाइल बहुतेक धडधाकट आहे. तिच्यात मराठी कधी नव्हतंच, एवढंच. त्या काळच्या फॉन्टात फार तर 256 घरं असायची आणि इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. कृतिदेव फॉन्टात 'भारत' हा शब्द एच, के, के, जे, आर असा साठवला जातो. एच मोठा, बाकी अक्षरं लहान. एच म्हणजे दंड नसलेला भ, पहिला के हा त्याचा दंड, दुसरा के काना, जे म्हणजे र आणि आर म्हणजे त. फॉन्ट गेला की सोंग उतरतं. (राशोलला 1616 मध्ये फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापलं गेलं. ते निदान वाचता यायचं!)

प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारे प्रमाण संकेत तेव्हा नव्हते असं नाही. इस्की हे भारतीय मानक 1991 चं, जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळायला विंडोज 2000 यावं लागलं. तोवर डीटीपीवाले आपापल्या फॉन्टांत रुळले होते, आणि प्रत्येक कंपनीची घरं वेगळी.

आता काम. आधी फाइलींची प्रत काढा, मूळ फाइलीला हात लावू नका. वर्डमध्ये मजकुरावर कर्सर ठेवा. फॉन्ट कॉम्प्युटरवर नसला तरी त्याचं नाव वरच्या चौकटीत दिसतं. त्याच फॉन्टासाठीचा कन्व्हर्टर, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम, लागतो. श्रीलिपीच्या फॉन्टातला मजकूर कृतिदेवच्या कन्व्हर्टरमध्ये टाकला तर कचराच बाहेर पडणार. पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्रॅमची फाइल असेल तर ती उघडायला इनडिझाइन या प्रोग्रॅमची सीएस6 किंवा त्याआधीची आवृत्ती शोधा. पुढच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली.

सगळी फाइल एकदम टाकू नका. फोन नंबर आणि इंग्रजी नावं बाजूला काढली नाहीत तर त्यांचीही 'देवनागरी' होते. वर्डचं ऑटोकरेक्ट आधी बंद करा: ते वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करतं, आणि जुन्या फॉन्टात मोठं अक्षर म्हणजे वेगळाच तुकडा.

खरी परीक्षा क्रमाची. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं उलट: 'पर्वरी'त तो जुन्या फाइलीत व च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये र् आधी. कन्व्हर्टरने ही अदलाबदल चुकवली की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. म्हणून आधी एक परिच्छेद बदला आणि गावांची नावं तपासा. डिचोलीत वेलांटी कळते, कुंकळ्ळीत ळ ला ळ, आणि म्हार्दोळात अर्धा म, रफार, ळ हे सगळं एकदम. 'दुसऱ्या' हा शब्दही बघाच. हिंदीसाठी बनवलेले कन्व्हर्टर त्याचा 'दुसर्या' करतात. तिथे ऱ, हलन्त आणि य असा क्रम हवा.

सेव्ह करताना यूटीएफ-8 (युनिकोड मजकूर साठवायची पद्धत) निवडा. नोटपॅडमध्ये एएनएसआय ही जुनी पद्धत ठेवून सेव्ह केलंत तर प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं, आणि त्या प्रश्नचिन्हातून मूळ अक्षर परत मिळत नाही. मुद्रितशोधन छापील स्मरणिका समोर ठेवूनच करा, वर्गणीदारांच्या यादीपासून. आडनावांत चूक राहिली तर ती स्पेलचेकला दिसत नाही, वर्गणीदाराला मात्र लगेच दिसते.