वाचक विचारतात : जर्सी कुठल्या काउंटीची?

प्रश्न : लेक डब्लिनला नोकरीला आहे. ऑफिसातल्या मंडळींबरोबर क्रोक पार्क स्टेडियमला गेलिक फुटबॉलची मॅच बघायला जाणार आहे. तिथली माणसं काउंटीवरून एवढी कट्टर का? तिनं कुठली जर्सी घालावी?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. कोल्हापुरातल्या पेठांची फुटबॉलमधली ईर्षा निपाणीकरांना सांगायला नको. पण तालमींचे संघ आता बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडूही खेळवतात. गेलिक फुटबॉल या आयर्लंडच्या स्वतःच्या खेळात खेळाडूला पगार नाही, त्याची खरेदी-विक्रीही नाही. गावच्या क्लबातून खेळायचं, तिथून काउंटीच्या संघात निवड व्हायची. क्रोक पार्कवर ८२ हजार लोकांसमोर खेळणारा पोरगा सोमवारी आपल्या कामावर हजर असतो, आणि तो कुणाचा कोण हे गावाला माहीत असतं. कट्टरपणा येतो तो इथून.

सगळ्यात मोठी चुरस शेजाऱ्या-शेजाऱ्यांत. १९९१ साली डब्लिन आणि मीथ यांचा निकाल लागायला चार सामने लागले. शेवटी मीथ एका गुणानं जिंकलं. अखिल आयर्लंड विजेतेपदं सर्वांत जास्त केरी काउंटीकडे, २०२५ धरून ३९. मेयो काउंटीची गोष्ट मात्र काळजाला लागणारी आहे. १९५१ नंतर त्यांना करंडक नाही. १९८९ ते २०२१ मध्ये ११ फायनल हरले. २०१६ चा पहिला सामना बरोबरीत सुटला, आणि त्यात मेयोनं दोन गोल स्वतःवरच करून घेतले होते. पुन्हा झालेला सामना एका गुणानं गेला, पुढच्या वर्षीची फायनलही एकाच गुणानं. दोन्ही वेळा समोर डब्लिन. ऑफिसात मेयोचं कुणी असेल तर १९५१ वरून चेष्टा नको.

जर्सी राहत्या ठिकाणची, म्हणजे डब्लिनची आकाशी निळी घालावी. नवख्या माणसाकडून तीच अपेक्षा असते. नुसती आवडली म्हणून हिरवी-सोनेरी घेऊ नये. केरी, डोनेगल आणि मीथ, तिघांचेही रंग तेच, त्यामुळे नको त्या दिवशी नको त्या संघाचे समजले जाल. दोन्हीकडचे प्रेक्षक मिसळूनच बसतात, घाबरायचं काही नाही. फक्त 'हिल १६' हा उभं राहून बघायचा भाग डब्लिनवाल्यांचा. तिथे दुसरा रंग नको. फायनलची तिकिटं मुख्यतः क्लबांमार्फत वाटली जातात, म्हणून जवळच्या क्लबाची सभासद झालेलं बरं.

प्रश्न : २-१४ विरुद्ध ०-१९ यात जिंकलं कोण?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : २-१४. आधीचा आकडा गोलांचा, एका गोलाचे तीन गुण. नंतरचा आकडा आडव्या दांडीवरून मारलेल्या गुणांचा. ६ आणि १४ मिळून २०, समोर १९. २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवरून मारल्यास दोन गुण मिळतात, ते नंतरच्या आकड्यातच धरतात.

प्रश्न : उत्तर आयर्लंड वेगळ्या राज्यसत्तेखाली आहे. तिथल्या काउंट्या मग याच स्पर्धेत कशा?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : खानापूरहून हाच प्रश्न येणार! गेलिक खेळांची संघटना १८८४ ची, सीमा आखली गेली १९२१ साली. राज्य विभागलं, संघटना विभागली नाही. अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांताच्या ९ काउंट्यांपैकी ६ सीमेच्या उत्तरेला, तर कॅव्हन, डोनेगल, मोनाघन दक्षिणेला. अजिंक्यपद मात्र नऊजणींचं एकच. आर्माघ उत्तरेचं, तरी २००२ आणि २०२४ साली अखिल आयर्लंड विजेतं ठरलं. आणखी एक सांगायलाच हवं. उत्तरेत १९७३ पासून कारभार काउंटीनिहाय चालत नाही. दक्षिणेतही १९९४ साली डब्लिन काउंटीचे कारभारासाठी तीन तुकडे झाले. कागदावरची नावं बदलली, पण उत्तरेतल्या टायरोन काउंटीचा माणूस टायरोनचाच राहिला आणि डब्लिनचा संघही एकच. अल्स्टरची फायनल बहुतेकदा मोनाघनमधल्या क्लोन्सला होते. गाव सीमेला लागूनच आहे, त्या दिवशी दोन्हीकडच्या गाड्या एकाच रस्त्यानं येतात.