नाताळात गोव्यातल्या वृद्धाश्रमाला काय द्यावं?

तुम्ही लिहिलंय की नोकरीनिमित्त पुण्याहून पणजीला येऊन आठ महिने झाले, ऑफिसातल्या बाराजणांनी मिळून ३०,००० रुपये जमवलेत, आणि २४ डिसेंबरला एखाद्या वृद्धाश्रमात नाहीतर मुलांच्या आश्रमात केक, ब्लँकेटं आणि खाऊ घेऊन जायचा बेत आहे. कुठे जावं आणि आणखी काय न्यावं, असं विचारलंय.

मी मडगावची. बँकेतून निवृत्त झाले तेव्हापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, सासष्टी तालुक्यातल्या एका लहानशा वृद्धाश्रमाचं कोठार आणि जमाखर्च सांभाळते. तेव्हा घेणाऱ्यांच्या बाजूने जे दिसतं ते सांगते.

२४ तारखेला जाऊ नका. पैसे जमवलेत हे फार चांगलं केलंत, पण त्यातले निम्म्याहून जास्त मे महिन्यासाठी बाजूला ठेवा.

कारण असं. आमच्या आवक वहीत डिसेंबरला पानं पुरत नाहीत. गेल्या वर्षी २३ आणि २४ या दोन दिवसांत सतरा केक आले. आश्रमात माणसं बत्तीस, त्यातल्या चौदाजणांना मधुमेह. २४ला सकाळी दहा वाजता पहिला गट आला, मग बारा वाजता दुसरा, जेवणं आटोपत नाहीत तोवर तिसरा. प्रत्येक गट मनापासून आलेला होता, कोणालाच नावं ठेवायची नाहीत. पण कुंकळ्ळीच्या एक आजी आहेत आमच्याकडे, शहाऐंशी वर्षांच्या, चाकाच्या खुर्चीत असतात. त्यांना तीनदा लाल टोपी घातली गेली, तीनदा फोटो निघाले. मांडीवरच्या डिशीत केकचे तीन तुकडे सुकत होते, एकालाही हात लावलेला नव्हता. संध्याकाळी साडेपाचला चौथा गट गाणी म्हणत आत आला तेव्हा मी आजींच्या शेजारी उभी होते. त्यांनी माझ्या पदराला हलकेच ओढलं आणि कोकणीत विचारलं, ‘‘बाय, आतां हांव न्हिदूं?’’ झोपू का आता, म्हणून परवानगी मागत होत्या. दुपारची झोप गेली होती, तेर्साची म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळही जायला आली होती. मी खुर्ची ढकलत त्यांना खोलीत नेलं. तेव्हापासून मी फोनवर लोकांना सरळ सांगते की नाताळच्या आठवड्यात नका येऊ, जानेवारीत या, आणि दहाजण नको, दोघं-तिघं या.

त्याच वहीतलं जूनचं पान बघाल तर चार-पाच ओळी असतात. जुलैचं त्याहून रिकामं. शाळा सुरू झालेल्या असतात, पाऊस लागलेला असतो, कोणाला आठवण होत नाही. आणि आमचा खर्च नेमका तेव्हा वाढतो. कपडे वाळत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची चादर दिवसातून दोनदा बदलावी लागते, आणि आदल्या दिवशीची अजून दोरीवर ओलीच. मोठ्यांच्या डायपरचा हिशेब मांडून दाखवते. आमच्याकडे सध्या आठजण अंथरुणावर आहेत. एकाला दिवसाला तीन धरले तर चोवीस, महिन्याला ७२०. दहाच्या पाकिटाला आम्हाला साधारण ४०० रुपये पडतात. म्हणजे महिन्याचे २८,८०० रुपये. तुम्ही बाराजणांनी जमवलेली रक्कम जवळजवळ तेवढीच आहे. आठ माणसांना अख्खा एक महिना ओल्या अंथरुणात पडावं लागणार नाही, इतकी ताकद आहे तुमच्या पैशांत. हे कळल्यावर तुम्हाला केक सुचणार नाही, अशी माझी खात्री आहे.

ब्लँकेटांचं म्हणाल तर पुण्याची थंडी डोक्यात ठेवून इथे खरेदी करू नका. समुद्राकाठी डिसेंबरच्या रात्री सुती चादर पुरते. आमचं एक अख्खं कपाट न वापरलेल्या ब्लँकेटांनी भरलंय. त्याऐवजी सुती चादरी, टॉवेल, गादीवर घालायची रबरी चादर, पुढून उघडणारे गाऊन, हे कधीही चालतं.

आता मे महिनाच का, ते सांगते. गोव्यात पुरुमेंत नावाची एक जुनी सवय आहे. पाऊस सुरू व्हायच्या आधी घराघरांत चार महिन्यांची बेगमी करून ठेवायची: उकडे तांदूळ, डाळी, सुक्या मिरच्या, कांद्याच्या माळा, आमसुलं, चिंच, खारं मासळं. शब्द पोर्तुगीजमधून आलेला, पण हिंदू-ख्रिस्ती दोघांच्याही घरात तो सारखाच बोलला जातो. पावसाळ्याच्या तोंडावर मडगावात इगर्जीच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या उत्सवाला, हा बाजार भरतो, आणि त्या फेस्तालाच लोक पुरुमेंताचं फेस्त म्हणतात. माझी आई चवथीच्या म्हणजे गणेशचतुर्थीच्या खरेदीपेक्षा पुरुमेंताची यादी जास्त काळजीने करायची. आश्रमाचंही घरच आहे, त्यालाही पुरुमेंत लागतं. नाताळात ठरवलेलं दान पुरुमेंताला पोचवलंत तर ते गोव्याच्या रीतीला धरून होईल. आमच्याकडे एक कुटुंब गेली सहा वर्षं असंच करतं. डिसेंबरात फक्त फोन करून शुभेच्छा देतात, आणि मे महिन्यात उकड्या तांदळाची पोती आणि नारळ उतरवून जातात. ती पोती ऑगस्टपर्यंत पुरतात.

याचा अर्थ नाताळात हात आखडता घ्या असा नाही. पण नाताळातलं देणं इथल्या माणसांकडून शिका. आमच्या वाड्यावर निम्मी घरं ख्रिस्ती. नाताळ आला की शेजारीण कोंसुआद घेऊन येते. कोंसुआद म्हणजे फराळाचं ताट: नेवऱ्या, दोदोल, कुलकुलां, चण्याच्या डाळीची दोस, बिबिंकेची एक फोड, वर क्रोशाने विणलेला पांढरा रुमाल. आम्ही चवथीला नेवऱ्या पाठवतो, त्या नाताळात परत येतात. पण यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलं असेल तिथे गोडधोड करत नाहीत, म्हणून त्या घरी ताटं आधी जातात. आमच्या शेजारणीचा नवरा गेला त्या वर्षी तिच्या जेवणाच्या टेबलावर मी अकरा ताटं मोजली. माझ्या आईनेही तांदळाच्या पिठाचे लाडू नेऊन दिले होते. आमच्यातही वर्षाचा दुखवटा असतोच, त्यामुळे आईला काही समजावून सांगावं लागलं नव्हतं. त्या ताटांमागे एकच विचार होता, की यंदा या घरात कोण करू शकत नाही. तुमच्या सोसायटीत, तुमच्या जिन्यावर असं कोण आहे ते बघा. मुलं परदेशी गेलेली आणि मोठ्या जुन्या घरात एकटी राहणारी म्हातारी माणसं गोव्यात गावोगाव आहेत, ती कुठल्याच आश्रमाच्या यादीत सापडत नाहीत. त्यांच्याकडे २५ तारखेला संध्याकाळी ताट घेऊन जा आणि तासभर बसा. दुपारपर्यंत फोन वाजत असतात, घर खायला उठतं ते संध्याकाळी.

कुठे द्यावं याची थोडी माहिती. सरकारची सार्वजनिक साहाय्य संस्था आहे, लोक तिला अजून प्रोव्हेदोरियाच म्हणतात. ती गोव्यात ठिकठिकाणी वृद्धाश्रम चालवते. गोवा आणि दमणच्या आर्चडायोसिसची, म्हणजे कॅथलिक धर्मप्रांताची, कारितास ही सेवासंस्था आहे. गावागावांतल्या इगर्जींत सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीचे लोक असतात. ही चळवळ १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली आणि गरजू माणसाच्या घरी स्वतः जायचं, ही तिची पहिल्यापासूनची रीत आहे. कोणाचं औषध थांबलंय, कोणाचं छप्पर गळतंय, हे त्या लोकांना ठाऊक असतं. नाताळ म्हणून ख्रिस्ती संस्थेलाच दिलं पाहिजे असंही काही नाही. फोंड्याजवळ ढवळीला लोकविश्वास प्रतिष्ठान दिव्यांग मुलांच्या शाळा चालवतं, फोंडा तालुक्यातच निराधार मुलांचा मातृछाया हा आश्रम आहे. मुलांसाठी देणार असाल तर खेळणी डिसेंबरात भरपूर जमतात. शाळा सुरू होताना वह्या, दप्तरं आणि रेनकोट लागतात, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना सॅनिटरी पॅड बाराही महिने लागतात. टेडी बेअर घेऊन येणाऱ्याच्या मनात ही मुलगी कधी येतच नाही.

मुलांच्या आश्रमात जाणारच असाल तर एक गोष्ट कृपा करून पाळा. फोटो काढू नका, काढलेच तर कुठेही टाकू नका. २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं छायाचित्र प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी उद्या ते मूल कॉलेजात जाईल, नोकरीला लागेल, आणि कोणाच्या तरी मोबाइलवर त्याचा केक घेतानाचा फोटो निघेल.

पैसे द्यायचे तर बँकेतून द्या आणि पावती घ्या. देणगीवरची करसवलत, जिला लोक ८०जी म्हणतात, २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला मिळत नाही, वस्तू दिल्या तर अजिबात मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत गेलेल्यांना ती नाहीच. तुमच्यापैकी बरेचजण नव्या प्रणालीत असतील, तेव्हा त्यांच्यासाठी वस्तू काय, पैसे काय, सारखंच. पण पावतीचा आग्रह तरीही धरा. डिसेंबरात पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणारे खूप असतात. संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक आणि खात्याचं नाव जुळत नसेल तर तिथल्या तिथे नम्रपणे नाही म्हणा. आणि तुमच्यातल्या कोणाचा भाऊ-मित्र परदेशातून पैसे पाठवणार असेल तर आधी संस्थेला विचारा. तो परदेशी नागरिक असेल तर परकीय देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ते घेता येत नाहीत.

तुमच्या बाराजणांकडून पैशांखेरीज आणखी एक गोष्ट घेता येईल. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजची रक्तपेढी आहे. पण तिथेही बाराजणांनी एकाच दिवशी जाऊ नका. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, लाल पेशी पाच-सहा आठवडे. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. महिन्याला एक नाव लावून घेतलंत तर वर्ष भरून निघेल.

आता फोनचं. कुठल्याही आश्रमाला सकाळी दहा ते अकराच्या मध्ये फोन करा, तेव्हा न्याहारी-आंघोळी आटोपलेल्या असतात. कोठार कोण बघतं ते विचारा आणि त्यांच्याशीच बोला. ‘काय आणू’ असं विचारलंत तर भिडेपोटी ‘काहीही आणा’ असं उत्तर येईल, आम्हीही तेच देतो. त्याऐवजी विचारा, ‘या महिन्यात तुम्हाला दुकानदाराकडून उधारीवर काय आणावं लागलं?’ आमच्याकडे कोणी असं विचारलं तर मी वही उघडून वाचून दाखवेन.